ओबरमायरची पाटी

शुक्रवारी सकाळी माझ्या केबिनच्या दाराशेजारी माझं नाव लागलेलं होतं आणि ते वाचून मला धक्का बसला. हसण्यासारखीच गोष्ट आहे. स्वतःचं नाव वाचून कोणी दचकतं का? पण ओबरमायर निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी तिथे 'के. ओबरमायर, ग्रुपेनलायटर', म्हणजे गटप्रमुख, अशी ॲल्युमिनियमची पाटी होती. मी रोज तिच्या शेजारून आत जायचो, ओबरमायरच्या खुर्चीत बसायचो, ओबरमायरच्या खिडकीतून बाहेर बघायचो आणि मला फार बरं वाटायचं. दुसऱ्याच्या नावाखाली बसलेल्या माणसाला कोणी शोधत येत नाही. आता तिथे 'पी. ढमढेरे' होतं. अक्षरं बरोबर, स्क्रू नवे, चकाकी नवी. जुनी पाटी जरा मोठी होती, म्हणून नव्या पाटीभोवती भिंतीचा न मळलेला भाग चौकटीसारखा उरला होता. माझ्या नावाभोवती ओबरमायर. मी तिथे बॅग हातात घेऊन उभा राहिलो आणि मला वाटलं, सापडलो. कोणीतरी मला हुडकून काढलं.

कोणी ते मला माहीत होतं. डॉक्टर पेटरसेन. आमचा नवा विभागप्रमुख, हॅम्बर्गचा, वय माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी कमी, पाठ ताठ, बूट स्वच्छ. आल्या आल्या त्याने सगळ्या ग्रुपेनलायटरांना विचारलं होतं, तुमच्या कारकिर्दीत तुम्ही काय बदललंत? बाकीच्यांनी स्लाइड दाखवल्या. म्युनिकच्या बाहेर एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, शेवटाकडे आमची शेड आहे, तिथे आम्ही गिअरबॉक्स तपासतो. बेंचवर गिअरबॉक्स चढवायचा, आठवडेच्या आठवडे न थांबता फिरवायचा आणि तो कधी मोडतो ते बघायचं. यात बदलायचं काय? मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, "काहीच नाही?" मी म्हणालो, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. तेव्हापासून तो माझ्याकडे बेंचवरच्या गिअरबॉक्ससारखा बघतो. मोडेल, म्हणतो, फक्त वाट बघायची.

खरं तर मी काही न करण्यासाठी जितके कष्ट घेतलेत तितके काही करण्यासाठी कधी घेतले नाहीत. पण हे कोणाला सांगायचं? ओबरमायर गेला तेव्हा त्याने मला किल्ल्या दिल्या, खांद्यावर थाप मारली आणि एवढंच म्हणाला, "वाइसवुर्स्टचं भांडं खालच्या कपाटात आहे. पाणी उकळू देऊ नकोस." आमच्याकडे शुक्रवारी अकराच्या सुमारास सगळे मिळून पांढरे सॉसेज खातात, ती त्याने पाडलेली पद्धत. उकळत्या पाण्यात टाकले की ते फाटतात, नुसत्या गरम पाण्यात पडून राहू द्यायचे. पदभार सोपवताना बाकी एक शब्द नाही. आणि मला त्या क्षणी, त्या तेलकट शेडमध्ये, दोन हजार वर्षांपूर्वीचा एक चिनी माणूस आठवला होता. तोही एका प्रांताचा कारभार सोडून राजधानीला निघाला तेव्हा मागून येणाऱ्याला एवढंच म्हणाला होता, की तुरुंग आणि बाजार यांना फार ढवळू नकोस. मागून येणारा चक्रावला. राज्य चालवायचं म्हणजे यापेक्षा मोठं काही नाही का? तो म्हणाला, नाही. वाईट माणसांनाही कुठेतरी टेकायला जागा लागते. ती काढून घेतलीस तर ती कुठे जातील?

मला या माणसाचं वेड आहे. नाव सांगत नाही, तुम्ही विसराल. हान घराण्याचं राज्य नवं होतं तेव्हा हा मुख्य प्रधान झाला. मूळचा शिपाईगडी, अंगभर जखमांचे व्रण. आधीच्या प्रधानाने कायदे घालून दिले होते, याने त्यातला एकही बदलला नाही. दिवसभर प्यायचा. कोणी सल्ला द्यायला आलं की त्याला बसवायचा, दारू पाजायचा, त्याने तोंड उघडलं की पुन्हा पाजायचा, शेवटी आलेला माणूस बोलायचं ते न बोलताच झुलत घरी जायचा. त्याच्या बागेमागे कारकुनांची वस्ती होती, तिथे सारखी दारू आणि गाणी. नोकर वैतागले. त्यांनी प्रधानाला मुद्दाम बागेत फिरायला नेलं, की एकदा ऐकू दे आणि घेऊ दे यांना फैलावर. त्याने ऐकलं, तिथेच चटई अंथरायला लावली, दारू मागवली आणि भिंतीच्या अलीकडून त्यांच्या सुरात सूर मिसळून गायला लागला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एस-बानमध्ये एकटा मोठ्याने हसलो आणि समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढली. आमच्या मराठी मंडळात प्रसन्न म्हणून एक आहे, सॉफ्टवेअरवाला. त्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला, "पद्माकर, तू गिअरबॉक्सवाला, तुला चीनच्या राज्यकारभारातलं काय कळतं?" हे लोक असेच. स्वतः काही वाचायचं नाही आणि दुसऱ्याने वाचलं की त्याचं सर्टिफिकेट मागायचं. डिप्लोमा मेकॅनिकल, सांगली. आणि दोन हिवाळे म्युनिकच्या चिनी इतिहासाच्या संध्याकाळच्या वर्गात मागच्या बाकावर. झालं का समाधान?

आणि कळतं. गिअरबॉक्सवाला आहे म्हणूनच कळतं. हानांच्या आधी छिनच्या सम्राटाने वजनं एक केली, मापं एक केली, गाड्यांच्या आसांची लांबी एक केली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणालं की सगळ्या चाकांमधलं अंतर सारखं असलं पाहिजे! माझ्या जातीचा माणूस, म्हटलं. पण त्याच्याच राज्याने माणसांचेही आस मोजायला घेतले. पाच-पाच घरांची टोळी, एकाने गुन्हा केला तर बाकीच्यांनी चुगली करायची, नाही केली तर तेही गुन्हेगार. सगळं घट्ट, सगळं चोख, कुठे केसाएवढी फट नाही. बेअरिंग असं बसवलं तर काय होतं ते आमच्या शेडमधल्या कोणालाही विचारा. थंड असताना सुंदर फिरतं. गरम झालं की लोखंड फुगतं, फुगायला जागा नसते आणि जाम होतं. पंधरा वर्षांत जाम झालं ते राज्य. मागून आलेल्या हानांनी ते कायदे फेकून दिले नाहीत, पुष्कळसे तेच ठेवले, फक्त जरा ढिले केले. क्लिअरन्स ठेवला. वर विद्वानांनी शिष्टाचाराचं ग्रीस लावलं. चारशे वर्षं चाललं, मधे एकदा खडखडलं तेवढं सोडून. हे माझं मत आहे आणि पंडितांनी नाकं मुरडावीत, मला काही फरक पडत नाही.

पण त्या शुक्रवारी मला फरक पडत होता, कारण टेबलावर पेटरसेनची फाइल होती आणि फाइल शिवांगीची होती. शिवांगी चिंचवडची, सहा महिन्यांपूर्वी माझ्या ग्रुपमध्ये आली, बेंच दोनवरची मोजमापं बघते. दोन आठवड्यांपूर्वी दुपारी बेंच तीनवर अखंड चाचणी चालू होती. बेंच तीन लेखनरचा. टोनी लेखनर, इथलाच, बव्हेरियन, पोट आणि मिशा. तो सिगरेट ओढायला बाहेर गेला होता. शिवांगीला तेल जळल्याचा वास आला. ती गेली आणि बेंच तीनचं लाल बटण दाबलं. सहा आठवड्यांची चाचणी गेली. उघडून बघितलं तर सील गळत होतं. थांबवलं नसतं तर गिअरबॉक्स फुटला असता किंवा रडतखडत चाचणी पूर्ण झाली असती. काय झालं असतं ते आजही कोणी सांगू शकत नाही. नियम मात्र स्पष्ट आहे. माणसाला धोका नसेल तर अखंड चाचणीत हात घालायचा तो फक्त बेंचच्या जबाबदार माणसाने. त्यामुळे पेटरसेनने ठरवलं, लेखनर जागेवर नव्हता, त्याला लेखी ताकीद. शिवांगी तिचं काम नसताना मधे पडली, तिला नारळ. तिची प्रोबेत्साइट, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांची परीक्षा, याच शुक्रवारी संपत होती. तोवर कंपनी कारण न देता काढू शकते. नंतर ते फार अवघड. सगळं तयार होतं, युनियनवाल्यांचं विचारून झालं होतं, फक्त ग्रुपेनलायटरचा अभिप्राय बाकी होता. त्याशिवाय पर्सोनालवाल्या, म्हणजे कर्मचारी विभागाच्या, बाई कागद सोडत नाहीत. आणि शुक्रवारी दुपारी दोनला बाई घरी जातात.

मीनलला, माझ्या बायकोला, हे मी आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. ती चकल्या तळत होती, दिवाळी संपली तरी. इथे आम्ही दिवाळी हवी तितकी लांबवतो. "अरे, मग लिही ना सरळ, की काढू नका. त्यात काय एवढं?" मी म्हणालो, मी 'नाही' लिहिलं तर पेटरसेनला उत्तर द्यावं लागणार, लेखी. मग ते प्रकरण होणार. प्रकरण वर जाणार आणि वरचे नेहमी वरच्याचंच ऐकतात. "आणि 'हो' लिहिलंस तर?" मी ताटलीतली गरम चकली उचलली. "'हो' लिहिलंस तर मी तिच्या घरी कोणत्या तोंडाने जायचं ते सांग. तिचा रुद्र आत्ता कुठे पहिलीत गेलाय. नोकरी गेली की व्हिसा लोंबकळणार त्यांचा." माझी मुलगी अन्वी आतून जर्मनमध्ये म्हणाली, बाबाला म्हणावं आजारी पड. मीनल म्हणाली, "बघ, लेकीलाही सुचतं. तुझे ते चिनी काय म्हणतात यावर?" टोमणा होता, पण चांगला टोमणा होता. रात्रभर तो माझ्यात फिरत राहिला, न थांबता, बेंचवर असावा तसा.

चिनी काय म्हणतात ते मला माहीत होतं, तीच तर पंचाईत. साम्राज्याच्या जरा आधीची एक गोष्ट आहे, आणि पुढचं साम्राज्य तिच्यासारख्या गोष्टींवरच उभं राहिलं. एक राजा दारू पिऊन झोपला. टोपी सांभाळणाऱ्या नोकराने बघितलं, राजाला थंडी वाजतेय. त्याने अंगरखा आणून पांघरला. राजा उठला, खूश झाला, विचारलं, कोणी पांघरला? टोपीवाल्याने, म्हणाले. राजाने अंगरखेवाल्याला शिक्षा केली, कारण त्याने आपलं काम केलं नाही. आणि टोपीवाल्यालाही शिक्षा केली, कारण त्याने दुसऱ्याचं केलं. थंडीपेक्षा ते वाईट. संध्याकाळच्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे जर्मन हसले आणि मी हसलो नाही. ज्या देशात ऑफिसच्या प्रत्येक खिडकीमागून 'मी त्याला त्सुश्टेंडिश नाही', म्हणजे ते माझ्याकडे येत नाही, हे ऐकावं लागतं, त्या देशात हसण्यासारखं काय होतं त्यात?

शिवांगी दहाच्या सुमारास केबिनमध्ये आली. दारातच थांबली. "सर, नवी पाटी छान आहे."

"सर म्हणू नकोस. इथे कोणी सर नाही."

"बरं सर." मग हसली, मग हसू गेलं. "आज कळेल ना माझं?"

मी तिला बसवलं आणि काही सुचेना म्हणून टोपीवाल्याची गोष्ट सांगितली. मूर्खपणाच होता. तिने सगळी ऐकून घेतली.

"म्हणजे टोपीवाल्याला शिक्षा झालीच."

"झाली."

"आणि राजाला?"

"राजाला थंडी नाही वाजली."

ती उठली. "मग त्याने ठीकच केलं की, सर. मला वास आला, मी काय लेखनरला पार्किंगमध्ये शोधत फिरू? पुन्हा आला तर पुन्हा दाबीन. तुम्हाला अडचण होईल म्हणून आधीच सांगते." आणि गेली. अशा वेळी माणसाने रडावं, विनवावं, म्हणजे आपल्याला निदान दयाळू वाटतं. हिने तेवढीही सोय ठेवली नाही. मला तिचा राग आला, मग पेटरसेनचा, मग त्या राजाचा, मग ज्याने ही गोष्ट लिहून ठेवली त्या विद्वानाचा. तत्त्वज्ञ म्हणे! सगळे राजाच्या दारात नोकरी मागणारे. फट कशी बुजवायची हे राजाला सांगून पोट भरणारे. आणि त्या रागाच्या तळाशी, का कोण जाणे, मला एकदम स्वस्थ वाटलं. खिडकीबाहेर धुकं होतं, शेडमध्ये पाच बेंच एका सुरात घुमत होते, बेंच तीनही नव्या गिअरबॉक्ससह त्यात आलेला. खालून लेखनर ओरडला, "पद्मा, भांडं लावू का?" मी म्हणालो, लाव.

पेटरसेन साडेअकराला आला, पेन काढूनच. आम्ही सगळे बेंचांच्या अलीकडच्या लांब टेबलाभोवती होतो, मधे वाफाळणारं भांडं. तो म्हणाला, "हेर ढमढेरे, दोन मिनिटं, तुमच्या केबिनमध्ये." मी म्हणालो, "आल्झो, आधी बसा. बारा वाजायच्या आत संपवायचे असतात, नाहीतर इथले लोक मनाला लावून घेतात." तो बसला, अर्धाच, खुर्चीच्या कडेवर. लेखनरने त्याच्या ताटलीत दोन घातले. पेटरसेनने सुरी घेतली आणि सालासकट कापायला सुरुवात केली. लेखनरने डोळे मिटले. हॅम्बर्गच्या माणसाला कोण सांगणार? मी सांगितलं. सांगली जिल्ह्यातल्या माणसाने हॅम्बर्गच्या डॉक्टरला म्युनिकचं सॉसेज कसं खायचं ते शिकवलं. उभी चीर, अशी, मग साल उलगडायची, अंगरख्यासारखी, मग गोड मोहरी. पहिलं फाटलं. दुसरं नीट आलं आणि तो कधी नव्हे ते लहान मुलासारखा हसला. मग सावरून म्हणाला, "तर तो अभिप्राय..." मी त्याच्यासमोर पिळाच्या खाऱ्या पावाची ब्रेत्सल ठेवली. त्या चिनी प्रधानाकडे खरी दारू होती. माझ्याकडे कंपनीच्या नियमानुसार बिनअल्कोहोलची बिअर. तीच ओतली, मोठ्या ग्लासात, फेस येऊ देत, सावकाश. त्याने पुन्हा फाइलवर हात ठेवला, मी मीनलच्या चकल्यांचा डबा उघडला. चकली तोंडात असताना कोणत्याही भाषेत अधिकाराने बोलता येत नाही. मग लेखनरने ओबरमायरच्या गोष्टी काढल्या, एकदा त्याने घोड्याच्या गाडीचा आस बेंचवर चढवून कसा फिरवला होता ती मोठी. शिवांगी समोर बसून नुसती ब्रेत्सल मोडत होती. पेटरसेन तिच्याकडे बघत नव्हता, आणि मग बघायला लागला. तिने डबा त्याच्याकडे सरकवला. "घ्या ना. तिखट नाहीत."

एकच्या पुढे कधीतरी त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी ते पाहिलं. त्याने मी पाहिलेलं पाहिलं. पर्सोनालचं ऑफिस अंगणापलीकडे आहे, चालत गेलं तरी वेळ उरला असता. मी आता एक शब्द बोललो असतो तर सगळं मोडलं असतं, म्हणून मी काही केलं नाही. आयुष्यात मी इतकं जड असं काहीही उचललेलं नाही. पेटरसेनने पेन टोपण लावून खिशात ठेवलं आणि आणखी एक चकली घेतली.

दोन वाजून गेल्यावर लोक उठले. तो म्हणाला, "हेर ढमढेरे, तुम्ही सरळ 'नाही' लिहू शकला असतात."

"मी 'नाही' लिहिलं असतं तर तुम्हाला त्यावर काहीतरी करावं लागलं असतं."

त्याने बोटाला लागलेली मोहरी पुसली. "आज तुम्ही काहीच केलेलं नाही."

"गेनाऊ."

आवरायचं म्हणून त्याने स्वतःच भांडं उचललं. हॅम्बर्गचे लोक आवरायला मदत करतात, हे त्यांचं चांगलं आहे. भांड्याखाली, टेबलाला चटका बसू नये म्हणून, ॲल्युमिनियमची एक पाटी होती. के. ओबरमायर, ग्रुपेनलायटर. गरम, ओली, वर मोहरीचा एक ठिपका. पेटरसेन भांडं हातात धरून तसाच उभा राहिला.

"ही मी काढायला लावली होती ना? कचऱ्यात गेली होती ही."

लेखनर छताकडे बघायला लागला.

"कोणी आणली?"

शिवांगीने माझ्याकडे पाहिलं. टोपीवाल्याची गोष्ट मला माहीत होती, तिलाही सकाळपासून माहीत होती. राजा जागा होतो, खूश असतो आणि मग हेच विचारतो.

"भांडं गरम होतं," मी म्हणालो.

बेंच फिरत होते. कुठेही वास नव्हता. पेटरसेनने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि भांडं सावकाश, नीट मधोमध, पुन्हा तिच्यावर ठेवलं. "मग राहू दे," म्हणाला, आणि फाइल काखेत मारून गेला. सोमवारी तो परत येणार, स्लाइड मागणार. येऊ दे. मी डब्यात बघितलं. चकल्यांचा चुरा उरला होता, तो शिवांगीने आणि लेखनरने आत हात घालायच्या आधी मी तळहातावर घेतला आणि उभ्याउभ्याच खाल्ला.